म्हावरं बाधतंय की धूळ?

ऐरोलीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय 36, माहेर नवी मुंबईतल्या दिवाळे गावचं, आई अजून बाजारात म्हावरं विकायला बसते. यांना लहानपणापासून पावसाळ्यात सकाळच्या शिंका, दोन वर्षांपासून इनहेलर. गेल्या मे महिन्यात भाचीच्या हळदीत कंबरदुखीची गोळी घेऊन दोन तास नाचल्या आणि मग कोलंबी फ्राय, चिंबोरीचा रस्सा असं जेवल्या. अर्ध्या तासात ओठ सुजले, अंगभर पित्त उठलं, श्वास लागला. रात्री दवाखान्यात इंजेक्शन घ्यावं लागलं. त्याआधी होळीला कोलंबी खाल्ली तेव्हा काहीच झालं नव्हतं. जूनमध्ये जवळ्याची चटणी चाखली, तर घशात नुसती खाज आली. जुलैत रक्ताचं मोठं अ‍ॅलर्जी पॅनल केलं. त्यात धुळीतले माइट भरपूर, शिवाय कोलंबी, खेकडा, झुरळ सगळंच पॉझिटिव्ह. पॅकेजमध्ये स्वस्त पडलं म्हणून आठ वर्षांच्या मुलाचंही केलं. त्याच्यातही माइट आणि थोडी कोलंबी निघाली. सोबतच्या कागदावर ‘सर्व प्रकारचे मासे बंद’. तेव्हापासून घरात म्हावरं बंद आणि आईची पिशवी दाराबाहेर. आई म्हणते, ‘म्हावरा खाऊन मोठी झालीस, आता म्हावराच बाधतो काय तुला?’ यांचे प्रश्न असे : दोष धुळीचा की कोलंबीचा? कायमचं सगळं सोडायचं का? मुलाचं काय? धुळीची लस घेतली तर कोलंबी परत खाता येईल का? आणि गौरीला माहेरी चिंबोऱ्यांचा नैवेद्य असतो, तेव्हा काय करायचं?

ताई,

तुमच्या पत्रात रिपोर्टाचे आकडे दोनदा आले आहेत आणि हळदीची रात्र दोन ओळींत उरकली आहे. मला उलटं हवं होतं. अ‍ॅलर्जीत डॉक्टरला सगळ्यात जास्त कळतं ते ‘काय खाल्लं, किती वेळाने काय झालं’ या हकिकतीतून. रक्ताचा रिपोर्ट त्या हकिकतीला दुजोरा देतो किंवा देत नाही, एवढंच त्याचं काम. हकिकत नसताना नुसता रिपोर्ट वाचला की घरात नको ती बंदी येते. मीही सुरुवातीच्या काळात असे कागद पाहून लोकांना लांबलचक याद्या लिहून दिल्या आहेत, म्हणून हे जरा अपराधीपणाने सांगते आहे.

आधी ‘म्हावरं’ या शब्दाकडे बघू. आपल्या बोलीत बोंबील म्हावरं, कोलंबीही म्हावरं, चिंबोरीही म्हावरं. तुमचे यजमान साताऱ्याकडचे आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे त्यांच्या लेखी तर समुद्रातून जे येईल ते ‘मासे’. शरीराच्या लेखी मात्र कोलंबी हा मासा नाही. शाळेत संधिपाद प्राणी शिकलो होतो, आठवतंय? पायांना सांधे, अंगावर कवच. कोलंबी, चिंबोरी, शिवंड, झुरळ आणि गादीतला तो पाव मिलिमीटरचा आठ पायांचा माइट ही सगळी त्याच खानदानातली मंडळी. बोंबील, बांगडा, पापलेट तिथे परके.

या खानदानाच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं. कोलंबीच्या अ‍ॅलर्जीला मुख्यतः हे प्रथिन कारण आहे, हे 1993 साली दाखवणाऱ्या संशोधकांत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले पी. व्ही. सुब्बा राव आणि त्यांचे सहकारी होते, आणि तपासायला घेतलेली कोलंबीही आपल्याच किनाऱ्यावरची. कोलंबीचं ट्रोपोमायोसिन आणि माइटचं ट्रोपोमायोसिन सुमारे 80 टक्के सारखं असतं. आता समजा आळी एक, आडनाव एक आणि नावंही जवळजवळ तीच असली, तर पोस्टमन पत्र भलत्याच दारात टाकतो. माइटच्या विरोधात तयार झालेली तुमच्या रक्तातली आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जी घडवणारी, प्रतिपिंडं तशीच कोलंबीला जाऊन चिकटू शकतात. यालाच क्रॉस-रिअ‍ॅक्शन म्हणतात. (ट्रोपोमायोसिन कोंबडीत आणि आपल्यातही असतं, पण ते आपल्या ओळखीचं, म्हणून सहसा त्यावर काही उठत नाही.)

रक्ताच्या तपासणीत हे चिकटणं तेवढं दिसतं. खाल्ल्यावर त्रास होईलच असं त्यातून ठरत नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार आवडतो. धुळीच्या माइटची अ‍ॅलर्जी असलेले काही कर्मठ ज्यू लोक तपासले गेले. त्यांच्या धर्मात कोलंबी-खेकडे वर्ज्य, म्हणजे त्यांनी ते कधी तोंडात घातलेलेच नव्हते. तरीही त्यांच्या रक्तात कोलंबीविरुद्ध प्रतिपिंडं सापडली, आणि तीही ट्रोपोमायोसिनची. तेवढं लांब जायला नको. आमच्या नौपाड्यातले, जन्मात अंडंही न खाल्लेले एक आजोबा ‘कोलंबी पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आले होते. चेहरा असा, जणू कुणी त्यांच्यावर आळ घेतलाय. घरात सुनेने चोरून काही शिजवलं का, इथपर्यंत चौकशी झाली होती. आजोबांना दमा होता आणि गादी वीस वर्षांची होती.

म्हणजे तुमच्या आणि मुलाच्या रिपोर्टावर ‘कोलंबी पॉझिटिव्ह’ हे शब्द तेच असले, तरी दोघांची उत्तरं वेगळी आहेत.

मुलाचं आधी. तो जुलैपर्यंत दर आठवड्याला कोलंबी खात होता, ना खाज, ना उलटी, ना पुरळ. ज्याला खाऊन काही होत नाही, त्याला त्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे असं म्हणत नाहीत, रिपोर्टात काही का असेना. खरं तर त्याची ही तपासणी व्हायलाच नको होती. पॅकेज स्वस्त पडलं खरं, पण त्यापायी त्याचं ताट विनाकारण रिकामं झालं. पचत असलेला पदार्थ मुलांचा उगाच बंद ठेवू नये, कारण क्वचित अशा लांबलेल्या बंदीनंतरच तो बाधायला लागतो. मध्ये महिना-दीड महिना गेलाय आणि त्याच्या शिंका चालूच आहेत, म्हणून बालरोगतज्ज्ञांना एकदा हे सगळं सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने परत सुरू करा. मासे तर त्याचे बंद करायला नकोच होते, ते आजच द्या.

तुमचं वेगळं आहे. ओठ सुजणं, अंगावर गांधी आणि श्वास लागणं, हे तिन्ही जेवणानंतर अर्ध्या तासात. याला आपण सवयीने ‘पित्त उठलं’ म्हणतो आणि पुढचं सगळं त्या शब्दामागे जातं. आमसुलाचं पाणी चोळा, सोलकढी प्या, पित्ताची गोळी घ्या. या गांधींचा पोटातल्या पित्ताशी काही संबंध नाही. श्वासापर्यंत गेलेली ही तीव्र अ‍ॅलर्जी होती, वैद्यकीय भाषेत अ‍ॅनाफिलॅक्सिस, आणि त्या रात्री तुम्हाला कुणीतरी वेळेत दवाखान्यात नेलं हे फार बरं झालं. जूनमधली घशातली खाज हाही त्याचाच धाकटा भाऊ, कारण जवळा म्हणजे चिमुकल्या कोलंबीसारखाच जीव. तेव्हा कोलंबी, करंदी, जवळा, सोडे, चिंबोरी, शिवंड हे सगळं तुम्ही तज्ज्ञांकडे तपासून होईपर्यंत पूर्ण बंद. थोडंसं चाखून बघणंही नाही. ‘चांगली शिजवली की बाधत नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ट्रोपोमायोसिन उकळून नष्ट होत नाही.

‘होळीला काही झालं नाही, मग कोलंबी कशी असेल?’ असं तुम्ही विचारता. होळीला तुम्ही कंबरदुखीची गोळी घेतली होती का? दोन तास नाचला होतात का? आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, भरपूर व्यायाम आणि दारू या गोष्टी पचत असलेल्या पदार्थालाही उंबरठ्यापलीकडे ढकलतात. हळदीत यातल्या दोन तर नक्कीच होत्या. इतकी वर्षं खाल्लेलं आता का बाधावं, याचंही नवल नको. कवचवाल्या प्राण्यांची अ‍ॅलर्जी मोठेपणी सुरू होणं अगदी नेहमीचं आहे. तुमच्यात माइटच्या अ‍ॅलर्जीने आधी वाट करून दिली असेल, हे शक्य आहे. ‘धुळीचा दोष की कोलंबीचा’ या प्रश्नाला म्हणूनच एकच नाव सांगता येत नाही.

एक आडवाट सांगते, कारण डॉक्टरही ती बऱ्याचदा विसरतात. त्या फ्रायला रवा किंवा पीठ लावलेलं होतं का? दमट हवेत उघड्या पिशवीत पडलेल्या रव्यात, मैद्यात, तयार पिठांत माइट वाढतात आणि माइटची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाला असं पीठ खाऊन थेट अ‍ॅनाफिलॅक्सिस झाल्याची उदाहरणं गरम, दमट देशांतून नोंदलेली आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांना वेदनाशामक गोळ्याही सोसत नव्हत्या. हे क्वचित होतं, आणि जवळ्याची चटणी तुमच्या बाबतीत कोलंबीकडेच बोट दाखवते. तरी तज्ज्ञांना सांगताना रव्याचा उल्लेख करा. आणि पावसाळ्यात रवा, मैदा घट्ट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायला लागा, खर्च काहीच नाही.

आता तपासण्या. अ‍ॅलर्जीचं खरं प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडे जा, ठाण्यात किंवा मुंबईत मोठ्या रुग्णालयांत असे विभाग आहेत. ते सुईने त्वचेवर चाचणी करतील, कधी प्रत्यक्ष कोलंबीला टोचून त्याच सुईने. रक्तात ट्रोपोमायोसिनची आणि कोलंबीतल्या इतर प्रथिनांची वेगवेगळी तपासणीही होते. तरीही शंका उरली, तर रुग्णालयात देखरेखीखाली थोडं थोडं खायला घालून बघतात. हा शेवटचा प्रयोग घरी, सासूबाई-नणंद समोर बसल्या आहेत म्हणून, करायचा नसतो.

अ‍ॅड्रेनलिनबद्दल त्याच भेटीत विचारा. तीव्र झटक्याचं पहिलं औषध तेच, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचं. अ‍ॅलर्जीची गोळी खाज कमी करते, बंद होणारा श्वास ती उघडत नाही. आपल्याकडे या इंजेक्शनचं तयार पेन सहज मिळत नाही, त्यामुळे काय जवळ ठेवायचं, कुणी कसं टोचायचं हे डॉक्टरांकडून घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्या. परत कधी ओठ सुजून श्वास लागला किंवा चक्कर आली, तर उभं राहू नका. चक्कर असेल तर आडवं होऊन पाय उंच करा, श्वास लागत असेल तर पाय पसरून टेकून बसा, आणि 108 ला फोन लावायला सांगा. जिना उतरून रिक्षा शोधत बसू नका. आणि कंबरेसाठी कोणती गोळी चालेल हेही एकदा लिहून घ्या, कारण कंबर काही थांबणार नाही.

मासे मात्र तुम्ही खाऊ शकता. माशांच्या अ‍ॅलर्जीचं मुख्य प्रथिन पार्वाल्ब्युमिन, ते वेगळंच. बोंबील, मांदेली, बांगडा, सुरमई, रावस तुम्हाला आजवर कधी बाधले नाहीत, त्यामुळे ते सोडायचं कारण नाही. अडचण आहे ती सरमिसळीची. मांदेलीच्या वाट्यात दोन-चार करंद्या सापडतातच. सुक्या बाजारात एकाच तागाच्या गोणपाटावर जवळा आणि बोंबील शेजारी शेजारी असतात, आणि विकणारीचा हात दोन्हीत जातो. कोलंबी तळलेल्या तेलात तळलेली सुरमई तुमच्यासाठी कोलंबीच. चायनीजच्या गाडीवर तर कढई एकच. तिसऱ्या, कालवं, माकुल यांची शाखा निराळी, त्यांचं ट्रोपोमायोसिन कमी मिळतंजुळतं. कोलंबीवाल्या काहींना ते बाधतात, काहींना नाही. तपासणी होईपर्यंत थांबा, मग ठरवा.

(जाता जाता, पुष्कळांना भीती असते म्हणून : कोलंबीच्या अ‍ॅलर्जीचा आयोडीनशी संबंध नाही. सीटी स्कॅनचं रंगद्रव्याचं इंजेक्शन केवळ या कारणाने नाकारू नका, डॉक्टरांना सांगून ठेवा म्हणजे झालं.)

लसीबद्दल तुम्ही फार आशेने लिहिलंय. माइटची इम्युनोथेरपी, म्हणजे महिनोन्महिने वाढत्या मात्रेत दिलेली टोचणी किंवा जिभेखालचे थेंब, शिंकांना आणि दम्याला पुष्कळांना गुण देते. पण ती मुख्यतः माइटच्या दुसऱ्या प्रथिनांवर बेतलेली असते, ट्रोपोमायोसिन त्यात नगण्य. तिने कोलंबी सोसायला लागेल असा भरवसा देता येत नाही. काहींचं बरं झालं, तर क्वचित कुणाला उलट नव्याने त्रास सुरू झाला अशाही नोंदी आहेत. श्वासासाठी घ्यायची तर जरूर घ्या, कोलंबीची हकिकत आधी सांगून. कोलंबीसाठी म्हणून घेऊ नका.

त्याआधी एक स्वस्त काम आहे, आणि ते तुमच्या बेडरूममध्ये आहे. पत्रात तुम्ही बॉक्स बेडचा उल्लेख केलाय. आज त्याची फळी उचला. आईने शिवलेल्या जुन्या नऊवारीच्या गोधड्या, पाहुण्यांच्या उशा, मुलाचं लहानपणीचं दुपटं, वर कोंदट वास. ऐरोलीत, खाडीच्या हवेत, जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते आणि माइटला नेमकी तीच हवी असते. तो पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून जगतो. अन्न म्हणजे आपल्या कातडीचा कोंडा, तो गादीत कधीच संपत नाही. आणि शिंका येतात त्या बहुतेक त्याच्या विष्ठेच्या कणांनी, चादर झटकली की जे नाकाशी उडतात.

दिवाळ्याच्या जुन्या घरी हीच गोधडी दर काही दिवसांनी धक्क्यावर उन्हात पडायची. पिंजारी यायचा, कापूस मोकळा करून द्यायचा. फ्लॅटमध्ये यातलं काही होत नाही. म्हणून : गादीला आणि उशांना घट्ट विणीची, चेनवाली खोळ घाला, पूर्ण बंद होणारी. चादरी, अभ्रे आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात, मशीनला गरम पाण्याची सोय असते ती आपण वापरत नाही एवढंच. गोधडी मशीनमध्ये मावत नसेल तर लाँड्रीत द्या. मुलाचं मऊ अस्वल पिशवीत घालून रात्रभर डीप फ्रीझरमध्ये आणि मग धुवायला. केरसुणीने धुरळा उडवण्यापेक्षा ओलं फडकं बरं, आणि हे काम तुम्ही करू नका, यजमानांना करू द्या, बंदी घालायला पुढे होते ते. ऑक्टोबरचं ऊन आलं की बॉक्स बेड रिकामा करून सगळं दिवसभर गच्चीवर. उन्हाने माइट मरतो, पण त्याचा कचरा राहतो, म्हणून झटकून, धुऊनच आत घ्या. ओट्याखालच्या झुरळांचाही बंदोबस्त करा, रिपोर्टात तीही आहेत.

याने कोलंबी खाता येणार नाही. पण दमा आटोक्यात नसलेल्या माणसाला खाण्याची अ‍ॅलर्जी जास्त जिवावर बेतते, आणि तुमचा इनहेलर तुम्ही ‘त्रास झाला की’ घेता असं लिहिलंय. रोज घ्यायला सांगितलेला रोज घ्या.

राहिली आई. पिशवी दाराबाहेर ठेवायला लावणं मला आवडलं नाही, आणि त्याची गरजही नाही. वासाने काही होत नाही. कोलंबी उकळताना निघणाऱ्या वाफेने किंवा ती सोलताना मात्र काहींना शिंका, दम लागतो, कोलंबीच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना तर दमा जडतो. त्यामुळे मुलासाठी कोलंबी शिजेल तेव्हा तुम्ही बाहेरच्या खोलीत, खिडकी उघडी, आणि सोलणं आईकडे. कोयता, कढई, पळी वेगळी. हे सगळं आईला समजावताना ‘म्हावरं बाधतं’ हे वाक्य वापरू नका. पन्नास वर्षं ज्या हाताने करंदी वेगळी आणि मांदेली वेगळी निवडली, त्या बाईला ‘मला कवचवालं चालत नाही, बाकी सगळं चालतं’ हे डॉक्टरपेक्षा लवकर कळेल. तुमचा बोंबील आधी कापून, वेगळ्या पिशवीत घालून आणायचं काम तिच्याइतकं नीट कोण करणार?

गौरीच्या दिवशीही तेच. आदल्या दिवशी आईला आणि वहिनीला फोन करून सांगा. तुमचं ताट चिंबोरीच्या टोपात पळी जाण्याआधी वाढून बाजूला ठेवा : भाकरी, भात, वाल, वडे. रस्साही नको, ‘नुसता वरचा पातळ’ म्हणून वाढतील तोसुद्धा. नैवेद्य नाकारला असं कुणी म्हणालं, तर नमस्कार करून ती वाटी मुलासाठी ठेवा म्हणावंसं वाटेल, पण त्याची चिंबोरीही बालरोगतज्ज्ञांना भेटल्यावरच. गौरी यायला अजून वेळ आहे, अपॉइंटमेंट आज घ्या.